पुढची सुई कोण देणार? चंद्रपूर-गडचिरोलीतील ठिसूळ हाडांच्या इंजेक्शनांचा आढावा

हाडे ठिसूळ होण्याच्या आजारावर, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसवर, आज अनेक प्रकारची इंजेक्शने मिळतात. त्यांतल्या मुख्य औषधांच्या मागे हजारो रुग्णांवर झालेल्या चाचण्यांचा पुरावा आहे. कोणते औषध मणक्यांची मोड किती टक्क्यांनी कमी करते, खुब्याची किती, हे आता बऱ्यापैकी ठाऊक झाले आहे. मात्र या चाचण्यांमध्ये रुग्णाला ठरलेल्या तारखेला बोलावणारे, न आल्यास शोधून काढणारे आणि औषध थंड पेटीत सांभाळणारे लोक नेमलेले होते. सिरोंचा, भामरागड, एटापल्ली, कोरपना किंवा जिवतीच्या रुग्णामागे अशी यंत्रणा आपोआप उभी राहत नाही. म्हणून चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांत औषध निवडताना त्याच्या ताकदीइतकाच आणखी एक प्रश्न विचारायला हवा: पुढची सुई वेळेवर मिळेल याची खात्री कोण देणार? या कसोटीवर उपलब्ध पुरावा तपासला, तर वर्षातून एकदा शिरेतून द्यायचे झोलेड्रॉनिक ॲसिड हे इथले पहिले औषध ठरते. बाकीची इंजेक्शने निवडक रुग्णांसाठी आणि पुढच्या डोसाची हमी असेल तिथेच वापरावीत, असे या लेखाचे म्हणणे आहे.

पहिला आक्षेप असा येतो की हा आजार शहरी, खुर्चीत बसून काम करणाऱ्यांचा आहे; रानात राबणाऱ्या, डोक्यावर मोळी वाहणाऱ्या बाईची हाडे दणकट असतात. श्रमाने हाडे मजबूत होतात हे खरेच. पण नुसत्या श्रमाने हाड बांधले जात नाही, त्याला प्रथिने आणि कॅल्शियम लागते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २००५ साली ३० ते ६० वयाच्या, कमी उत्पन्न गटातल्या कष्टकरी स्त्रियांच्या हाडांची तपासणी प्रसिद्ध केली. तीत मांडीच्या हाडाच्या मानेशी ऑस्टिओपोरोसिस असलेल्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे २९ टक्के निघाले. या स्त्रिया आळशी नव्हत्या, अर्धपोटी होत्या. गडचिरोलीच्या धानपट्ट्यात रोजचे जेवण भाताभोवती फिरते आणि दूध कमी. भारतीय स्त्रीची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते, म्हणजे पाश्चात्त्य स्त्रीपेक्षा चार-पाच वर्षे आधी. तितकी वर्षे हाडांना इस्ट्रोजेनचे संरक्षण कमी मिळते. त्यात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचे मिश्रण. तंबाखू हाडांची झीज वाढवते, आणि या भागात खर्रा खाणाऱ्यांत बायकाही मोठ्या संख्येने आहेत. पुरुषही सुटलेले नाहीत. हे दोन्ही जिल्हे कुष्ठरोगाचे जुने क्षेत्र आहेत. बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले ते याच भूमीत. कुष्ठरोगाच्या तीव्र प्रकारात वृषणांना इजा होऊन पुरुषी संप्रेरक घटते, आणि रोगाच्या उठावावर महिनोन्‌महिने स्टेरॉइड द्यावे लागते. या दोन्ही गोष्टी हाड पोखरतात. सांधेदुखीवर कुठल्याही सल्ल्याशिवाय घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांचाही परिणाम तोच.

हा आजार इथे आहे, पण तो दिसत नाही. मणका दबतो तेव्हा दोन-तृतीयांश वेळा रुग्णाला ती मोड म्हणून कळतच नाही. उंची कमी होते, पाठीला बाक येतो, आणि घरचे म्हणतात की वय झाले. रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून काम केल्यावर कंबर दुखणे इतके नेहमीचे आहे की त्यात मणक्याची मोड लपून जाते. 'सर्च' या आरोग्यसंस्थेच्या शोधग्राम रुग्णालयात मुंबईहून मणकातज्ज्ञ येऊन शिबिरे घेतात, यावरूनच पाठीच्या दुखण्याचा इथला भार कळावा. खुबा मोडतो तेव्हा मात्र लपवता येत नाही. माणूस खाटेवर पडतो आणि पुष्कळदा उठत नाही. दक्षिण आशियात खुबामोड पश्चिमेपेक्षा सुमारे दहा वर्षे आधी होते, असे अस्थितज्ज्ञ सातत्याने नोंदवत आले आहेत. निदानासाठी हाडांची घनता मोजणारे डेक्सा यंत्र आवश्यकच आहे, असा समज आहे आणि ही यंत्रे मोठ्या शहरांत एकवटलेली आहेत. पण उभ्या उंचीवरून पडून पन्नाशीपुढच्या माणसाचा खुबा मोडला, किंवा जोराचा मार नसताना मणका दबला, तर ती मोड हेच निदान असते. साध्या एक्स-रेवर हे दिसते. ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे, अशा रुग्णांसाठी नागपूरच्या यंत्राची वाट पाहण्याचे कारण नाही.

उलट चंद्रपुरात डेक्साच्या आकड्यावर डोळे मिटून विसंबणे धोक्याचेही ठरू शकते, कारण या जिल्ह्यातल्या अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड आहे. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची पसंतीची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅम आहे. वर्षानुवर्षे त्याहून जास्त पोटात गेले की ते हाडात साठते. मग हाड यंत्रात घट्ट दिसते, प्रत्यक्षात मात्र कुचकामी होते. याचा सर्वांत स्पष्ट धडा अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या चाचणीने दिला. एकेकाळी सोडियम फ्लोराइड हेच ऑस्टिओपोरोसिसवरचे औषध म्हणून दिले जाई. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत २०२ स्त्रियांपैकी निम्म्यांना ते चार वर्षे दिले गेले. कमरेच्या मणक्यांची घनता ३५ टक्क्यांनी वाढली, पण मणके मोडण्याचे प्रमाण लक्षणीय घटले नाही, आणि हातापायांची हाडे मोडण्याचे प्रमाण मात्र वाढले. त्या चाचणीत जे औषध म्हणून दिले गेले, तेच इथल्या काही विहिरी आणि हातपंप आयुष्यभर देत आले आहेत. त्यामुळे फ्लोराइडग्रस्त गावातून आलेल्या माणसाचा डेक्सा अहवाल 'सामान्य' असला, तरी मोडलेले हाड जास्त खरे मानले पाहिजे. शिवाय अशा रुग्णाच्या रक्तातले कॅल्शियम आणि मूत्रपिंडाचे काम इंजेक्शनाआधी काळजीने तपासले पाहिजे, कारण फ्लोराइड दोन्ही बिघडवू शकते.

औषधोपचाराची सुरुवात जगभर गोळीने होते. ॲलेन्ड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची, स्वस्त आहे आणि गुणकारीही. पण ती सकाळी अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावी लागते आणि नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही, काही खायचे-प्यायचे नाही. नियम मोडला तर औषध शोषले जात नाही किंवा अन्ननलिका जळते. मुख्य अडचण वेगळीच आहे. या गोळीने रुग्णाला बरे वाटत नाही, न घेतल्याने वाईटही वाटत नाही. जे जाणवत नाही ते औषध माणूस सोडून देतो, आणि जगातल्या सुस्थित देशांतही निम्म्याच्या आसपास रुग्ण वर्षभरात ही गोळी बंद करतात. पहाटे मोहफूल वेचायला किंवा तेंदूपत्ता तोडायला निघणाऱ्या बाईकडून गोळीच्या इतक्या अटी वर्षानुवर्षे पाळल्या जातील, असे धरून चालणे म्हणजे उपचार कागदावर ठेवणे. इंजेक्शनाचे खरे महत्त्व इथे आहे. दर आठवड्याला नव्याने करायचा निश्चय ते आरोग्यकेंद्राच्या एका भेटीत बसवते.

झोलेड्रॉनिक ॲसिड हे ॲलेन्ड्रोनेटच्याच कुळातले औषध. हाड झिजवणाऱ्या पेशींना ते थोपवते आणि हाडाला असे चिकटते की वर्षानुवर्षे तिथेच राहते. ५ मिलिग्रॅमची मात्रा किमान १५ मिनिटांत शिरेतून, सलाईनसारखी चढवतात, वर्षातून एकदा. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या होरायझन चाचणीत पाळी थांबलेल्या ७,७०० हून अधिक स्त्रिया होत्या. तीन वर्षांत मणकामोड ७० टक्क्यांनी आणि खुबामोड ४१ टक्क्यांनी घटली. त्याच वर्षीची दुसरी चाचणी आपल्यासाठी अधिक मोलाची आहे. तिच्यात खुबा मोडून शस्त्रक्रिया झालेल्या २,१२७ स्त्री-पुरुषांना शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांच्या आत हे औषध सुरू केले. नव्या मोडी ३५ टक्क्यांनी कमी झाल्या आणि मृत्यूही २८ टक्क्यांनी. त्यानंतर न्यूझीलंडच्या संशोधकांनी डोसामधले अंतर ताणून पाहिले. ६५ वर्षांपुढच्या २,००० स्त्रियांना दर दीड वर्षाने औषध दिले तेव्हा सहा वर्षांत नाजूक हाडांची मोड ३७ टक्क्यांनी घटली, हे २०१८ साली प्रसिद्ध झाले. २०२५ साली याच गटाने पन्नाशीतल्या स्त्रियांवरचा दहा वर्षांचा निष्कर्ष मांडला. औषध न मिळालेल्यांत नव्या मणकामोडीचे प्रमाण ११.१ टक्के होते. पाच वर्षांच्या अंतराने दोन डोस मिळालेल्यांत ते ६.३, आणि फक्त एकच डोस मिळालेल्यांत ६.६ टक्के. या स्त्रियांची हाडे अजून ऑस्टिओपोरोसिसच्या पायरीवर आलेली नव्हती, म्हणून खुबा मोडलेल्या आजीला दहा वर्षांत एक डोस पुरेल असा अर्थ त्यातून काढता येणार नाही. पण एक गोष्ट नक्की ठरते: या औषधाचा डोस दोन-चार महिने लांबला तर केलेले काम वाया जात नाही. रस्ता, पूर आणि मजुरी यांवर ज्यांचे वेळापत्रक चालते, त्यांच्यासाठी औषधाचा याहून उपयोगी गुण दुसरा नाही.

या इंजेक्शनाचा सर्वांत ठळक अनुभव म्हणजे पहिल्या डोसानंतरचा ताप. होरायझन चाचणीत पहिल्या डोसानंतर तीन दिवसांत सुमारे ३२ टक्के स्त्रियांना ताप, अंगदुखी, डोकेदुखी किंवा सांधेदुखी झाली. दुसऱ्या वर्षी हे प्रमाण ७ टक्क्यांच्या आसपास आले, तिसऱ्या वर्षी ३. पॅरासिटामॉलने तो आटोक्यात राहतो आणि दोन-तीन दिवसांत उतरतो. शहरात ही किरकोळ बाब समजली जाते, गडचिरोलीत तशी ती समजू नये. महाराष्ट्रातल्या हिवतापाचा मोठा वाटा हा जिल्हा उचलतो. इंजेक्शनाचा ताप समजून हिवताप अंगावर काढला गेला तर जीव जाऊ शकतो. उलट इंजेक्शनाच्या तापाची आधी कल्पना दिली नाही तर गावभर बोभाटा होतो की सुईने माणूस आजारी पडला, आणि पुढच्या वर्षी कोणी फिरकत नाही. म्हणून दोन गोष्टी ठरलेल्या असाव्यात. ताप येऊ शकतो हे रुग्णाला आणि घरच्यांना आधीच त्यांच्या बोलीत, माडिया आदिवासींच्या भागात माडियात, सांगितले जावे. आणि ताप आलाच तर आशाताईने गावातच हिवतापाची चाचणी करावी, कारण काहीही असले तरी.

ऋतूचा विचारही इथे वैद्यकीयच ठरतो. हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. क्रिएटिनिन क्लिअरन्स मिनिटाला ३५ मिलिलिटरच्या खाली असेल तर ते देत नाहीत, आणि देताना शरीरात पुरेसे पाणी असावे लागते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो अशा चंद्रपुरात, तेंदूपत्त्याच्या हंगामात दिवसभर उन्हात राबलेल्या माणसाला ही बाटली लावणे योग्य नाही. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी असते आणि पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. धान घरात आल्यानंतरचे हिवाळ्याचे दिवस मात्र सर्व बाजूंनी अनुकूल: हवा थंड, रस्ते चालू, दोन दिवस अंथरुणावर काढायची सवड. इंजेक्शनाआधी रक्तातले कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि अल्कलाइन फॉस्फेटेज तपासावे, आणि ड जीवनसत्त्वाची उणीव भरून काढावी. ६०,००० युनिटची साप्ताहिक पुडी सरकारी दवाखान्यांतही ओळखीची आहे. ही पायरी गाळली तर रक्तातले कॅल्शियम झपाट्याने उतरून हातपाय वळणे, आकडी येणे इथपर्यंत जाऊ शकते. ड जीवनसत्त्वाच्या टोकाच्या अभावाने हाडे मऊ होतात, तो ऑस्टिओमलेशिया हा वेगळा आजार. त्यावर हे इंजेक्शन हा उपायच नव्हे.

सिकलसेलचा प्रश्न या दोन जिल्ह्यांना टाळता येत नाही. या आजारात मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटून ते मरते, मणके मध्यभागी खचतात आणि तरुण वयातच मूत्रपिंडाला इजा होते. खुबा दुखतो म्हणून आलेल्या पस्तिशीतल्या माणसाला ऑस्टिओपोरोसिसचा शिक्का मारून इंजेक्शन देणे ही चूक ठरेल, कारण त्याचे दुखणे बहुधा रक्तपुरवठ्याचे असते. शिवाय ताप आणि शरीरातले पाणी कमी होणे ही सिकलसेलच्या तीव्र वेदनेला आमंत्रण देणारी कारणे आहेत, आणि इंजेक्शनाचा ताप नेमके तेच घडवू शकतो. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेतून गावोगाव तपासण्या होत आहेत. त्या तपासणीच्या कार्डावरची नोंद हाडांच्या उपचाराआधी पाहणे हा साधा नियम असावा, आणि सिकलसेलचा रुग्ण असेल तर निर्णय वैद्यकीय महाविद्यालयाच्या पातळीवर व्हावा.

डेनोसुमॅबच्या बाजूने बोलणारे म्हणतील की ते यापेक्षा सोपे आहे. दर सहा महिन्यांनी ६० मिलिग्रॅम कातडीखाली टोचायचे, बाटली लावायची गरज नाही, मूत्रपिंडावर भार नाही, ताप क्वचित. पुरावाही भक्कम आहे: २००९ सालच्या फ्रीडम चाचणीत सुमारे ७,८०० स्त्रियांमध्ये मणकामोड ६८ टक्क्यांनी, खुबामोड ४० टक्क्यांनी घटली. भारतात त्याच्या देशी आवृत्त्या आल्यापासून किंमतही उतरली आहे. हे सर्व मान्य करूनही वनजिल्ह्यांत ते पहिल्या पसंतीचे ठरत नाही, आणि कारण त्याच्या स्वभावात आहे. हे औषध हाडात साठत नाही. सहा महिने उलटले की त्याचा पहारा उठतो आणि थोपवलेली झीज दुप्पट जोराने सुरू होते. फ्रीडमच्या पुढच्या विश्लेषणात औषध थांबवल्यावर मणकामोडीचा दर १०० रुग्णवर्षांना १.२ वरून ७.१ पर्यंत चढल्याचे दिसले, आणि मोडलेल्यांपैकी बहुतेकांचे एकाहून अधिक मणके मोडले. ब्रिटनमधल्या नोंदींवरच्या २०२० सालच्या अभ्यासात डोस १६ आठवड्यांहून जास्त लांबलेल्यांत मणकामोडीचा धोका वेळेवर डोस घेणाऱ्यांच्या कितीतरी पट आढळला. एक डोस डिसेंबरात दिला तर दुसरा जूनमध्ये येतो; तेव्हा पेरणी, मग पूर. शिवाय हे औषध २ ते ८ अंशांत ठेवावे लागते, आणि लशींच्या शीतपेटीत इतर औषधे ठेवायची नसतात. मूत्रपिंडाचा आजार खूप बळावलेल्यांत त्याने कॅल्शियम धोकादायक उतरते, असा कडक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०२४ मध्ये दिला. म्हणजे मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी ते सरसकट सुरक्षित आहे, हेही खरे नाही. चंद्रपूर शहरात राहणाऱ्या, मुलगा-सून तारीख सांभाळणारी असलेल्या आजीला ते जरूर द्यावे. जिची पुढची भेट नक्की नाही, तिला ते देणे म्हणजे तिचा धोका आजच्यापेक्षा वाढवून ठेवणे.

हाड नव्याने बांधणारी औषधे वेगळ्या वर्गातली. टेरिपॅराटाइड रोज २० मायक्रोग्रॅम, पेनने स्वतः टोचून घ्यायचे, जास्तीत जास्त दोन वर्षे. २००१ सालच्या मूळ चाचणीत त्याने मणकामोड ६५ टक्क्यांनी कमी केली, आणि २०१८ मध्ये ते रायसेड्रोनेटच्या गोळीपेक्षा सरस ठरले. दोन-तीन मणके आधीच दबलेल्या, स्टेरॉइडवर असलेल्या रुग्णाला त्याचा फायदा मोठा. पण दोन वर्षांत सातशेहून अधिक सुया, प्रत्येक पेन थंडाव्यात आणि २८ दिवसांत संपवायचे, आणि शेवटी झोलेड्रॉनिक ॲसिडसारखे औषध दिले नाही तर कमावलेले हाड पुन्हा ओसरते. म्हणून ते वैद्यकीय महाविद्यालयातून सुरू व्हावे आणि त्याचा शेवट कुठल्या औषधाने करायचा हे पहिल्या दिवशीच ठरलेले असावे. रोमोसोझुमॅब हे वर्षभर दरमहा द्यायचे सर्वांत नवे इंजेक्शन. त्याच्यासोबत हृदयविकार आणि पक्षाघाताचा इशारा आहे, आणि गेल्या वर्षभरात असा झटका आलेल्यांना ते देत नाहीत. 'सर्च' संस्थेच्या संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले की ग्रामीण गडचिरोलीत मृत्यूचे पहिले कारण पक्षाघात आहे, दर सात मृत्यूंमागे एक. रक्तदाब कधी मोजलाच गेला नाही अशा माणसाला हे औषध लिहिण्याआधी थांबणे हेच शहाणपण.

दुष्परिणामांच्या भीतीला पुरावा देऊन उत्तर दिले पाहिजे, ती उडवून लावून नव्हे. झोलेड्रॉनिक ॲसिड आणि डेनोसुमॅबने क्वचित जबड्याचे हाड उघडे पडून मरते. ऑस्टिओपोरोसिसच्या मात्रेत हे दर दहा हजार ते एक लाख रुग्णवर्षांना एकाच्या घरात. कर्करोगात दिल्या जाणाऱ्या मोठ्या मात्रांत बरेच जास्त. हा आकडा जिथून आला तिथे खर्रा खात नाहीत. किडलेले दात, सडलेल्या हिरड्या आणि तंबाखू हे या दुष्परिणामाचे पोषक घटक आहेत, म्हणून इथे इंजेक्शनाआधी तोंड उघडून पाहणे, काढायचे दात आधी काढणे आणि जखम भरू देणे ही सक्तीची पायरी असावी. २०१६ पासून गडचिरोलीत दारू आणि तंबाखूमुक्तीसाठी चालणाऱ्या 'मुक्तिपथ' अभियानाला हाडांच्या उपचाराशी जोडण्याचे हे थेट कारण आहे. दुसरा दुष्परिणाम मांडीच्या हाडाच्या मधल्या भागात आडव्या तडकीचा. वर्षानुवर्षे औषध चालू ठेवल्यास तो धोका वाढतो आणि आशियाई वंशाच्या स्त्रियांत तो जास्त आढळला आहे. पण पहिल्या तीन ते पाच वर्षांत टळणाऱ्या खुबामोडी या तडकींपेक्षा कितीतरी अधिक असतात. त्यामुळे साधारण तीन डोसांनंतर थांबून पुनर्विचार करणे आणि मांडीत नवे दुखणे सुरू झाले तर एक्स-रे काढणे, हे याचे उत्तर आहे. औषध नाकारणे हे नव्हे.

आणखी एक आक्षेप मनापासून घेतला जातो: सूर्यप्रकाश, नाचणी, दूध, पालेभाज्या दिल्या तर इंजेक्शने कशाला? तरुण वयात हाड बांधण्यासाठी आहाराला पर्याय नाही, आणि शाळेच्या पोषण आहारावर केलेला खर्च हीच पन्नास वर्षांनंतरची खरी खुबा-सुरक्षा आहे. पण हाड मोडल्यावर केवळ पूरके देऊन काय होते, हे ब्रिटनमधल्या २००५ सालच्या रेकॉर्ड चाचणीने तपासले. एकदा हाड मोडलेल्या, सत्तरीपुढच्या ५,२९२ जणांत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाने पुढची मोड थांबली नाही. पूरके हा इंजेक्शनाचा पाया आहे; त्याच्या जागी ती पुरेशी नाहीत. तसेच औषधाने पडणे थांबत नाही. मोतीबिंदू काढणे, रात्री उठताना उजेड असणे, झोपेच्या गोळ्या आणि दारू कमी होणे, हे हाडांच्याच उपचाराचे भाग आहेत.

शेवटचा आक्षेप प्राधान्याचा: जिथे कुपोषण, हिवताप आणि बाळंतपणातले मृत्यू अजून संपलेले नाहीत, तिथे म्हाताऱ्यांच्या हाडांवर पैसा का घालायचा? हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याचा मान ठेवूनच उत्तर द्यायला हवे. इथे नवी इमारत, नवे यंत्र किंवा नवे पद लागत नाही. लागते ती जेनेरिक औषधाची एक बाटली, तीन रक्तचाचण्या, परिचारिकेचा अर्धा तास आणि एक वही. खुबा मोडलेली आजी खाटेवर पडते तेव्हा तिच्याबरोबर घरातली एक कमावती बाई घरी बसते, नातवंडे सांभाळणारे हात जातात, आणि गाठीची मजुरी दवाखान्यात संपते. कुपोषित मुलाच्या घराला असा धक्का परवडत नाही. आदिवासी आणि ग्रामीण भागातल्या आजारांची यादी शहरात बसून ठरवता येत नाही, हे 'सर्च'च्या बंग दांपत्याने १९८९ साली 'लॅन्सेट'मधल्या अभ्यासातून दाखवले होते: दोन गावांतल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्क्यांना स्त्रीरोग होते, आणि तोवर ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण एवढेच समजले जात होते. पाळी थांबल्यावरची स्त्री आजही आरोग्य कार्यक्रमांच्या बाहेरच उभी आहे. तिची मोजणी सुरू करण्यासाठी खुबामोड ही सर्वांत स्पष्ट जागा आहे.

या भागात सुईवर आणि सलाईनवर विश्वास मोठा आहे. बाटली लावली की ताकद येते, असे मानले जाते. त्याचा फायदा असा की रुग्ण इंजेक्शनाला नाही म्हणत नाही. धोका असा की कंबरदुखी थांबेल या आशेने तो येतो, दुखणे तसेच राहते, आणि तो फसवले गेल्यासारखा परत जातो. त्यामुळे नेमके सांगितले पाहिजे: ही सुई दुखणे थांबवत नाही, पुढची मोड टाळते. दुखण्यासाठी वेदनाशामक, व्यायाम आणि कधी पट्टा, हे वेगळे द्यावे लागते. ज्या दवाखान्यात हे वाक्य पहिल्याच दिवशी बोलले जाते, तिथे दुसऱ्या वर्षी माणूस परत येण्याची शक्यता जास्त.

यातून निघणारी कामाची रूपरेषा सरळ आहे. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयांत पन्नाशीपुढचा खुबा किंवा मणका मोडून आलेल्या प्रत्येकाचे नाव एका नोंदवहीत जावे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजनेतून शस्त्रक्रिया होत असेल तर झोलेड्रॉनिक ॲसिडचा पहिला डोस त्याच उपचाराचा भाग धरला जावा. शस्त्रक्रियेनंतर किमान दोन आठवड्यांनी, टाके तपासायला बोलावतात तेव्हा तो देता येतो. पुढचे दोन डोस तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, हिवाळ्यातल्या ठरलेल्या दिवशी, तोंड-दात आणि रक्त तपासून दिले जावेत. बोलावणे आशाताईकडून जावे आणि त्याचा मोबदला तिला मिळावा. डेनोसुमॅब आणि टेरिपॅराटाइड लिहिणाऱ्या डॉक्टराने पुढचा डोस कुठे, कोणाकडून आणि कोणत्या तारखेला मिळेल हे कागदावर लिहूनच पहिली सुई द्यावी. ते लिहिता येत नसेल तर औषध बदलावे. गडचिरोलीने नवजात बाळाची काळजी घरापर्यंत नेण्याचा मार्ग देशाला दिला, आणि गावातल्या बाईला शिकवले तर ती किती अवघड काम विश्वासाने करते हे सिद्ध केले. वर्षातून एकदा एका म्हातारीला तालुक्याला आणणे त्या कामापेक्षा कठीण नाही. पुरावा पुरेसा आहे आणि औषध हाताशी आहे. आता पुढच्या डोसाची जबाबदारी रुग्णाच्या आठवणीवर न सोडता आरोग्ययंत्रणेने स्वतःकडे घ्यावी.